ग्रहण आणि ओठ

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणात आमच्या गल्लीतल्या एका गरोदर सुनेनं विळीवर भाजी चिरली. मे महिन्यात, पूर्ण दिवस भरून, तिला फाटक्या ओठाचं बाळ झालं. "ग्रहण पाळलं नाही" म्हणून घरच्यांनी तिलाच बोल लावला. मी चाकूरला मास्तर असून गप्प बसलो.

परवा नातीनं तिच्या पुस्तकातून समजावलं. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग आधी सुटे वाढतात, सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळून वरचा ओठ होतो. पेशींच्या अंगावर कॅडहेरिन, नेक्टिन अशी चिकटणारी प्रथिनं असतात. त्यांच्यामुळे पेशी एकमेकींना धरून राहतात. जुळणी चुकली की फट राहते. नेक्टिन-१ च्या जनुकातल्या बिघाडानं ओठ-टाळू दुभंगल्याची उदाहरणं आहेत. इतरही कारणं असतात.

आता हिशेब करा. त्या बाळाचा ओठ १९७९ च्या दसऱ्याच्या सुमारासच घडून गेला होता. ग्रहण आलं चार महिन्यांनी! विळीचा काय दोष?

माझं मत विचाराल तर हे शाळेतच शिकवायला हवं, मुलांना आणि मुलींनाही.

बाळाचा ओठ पुढे शिवून झाला. पण "तुझी चूक नव्हती" असं त्या माउलीला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. आता ती नाही.