हौदाचा विस्तार की दाराचा?

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना एक अभ्यासविषय वारंवार दिला जातो: एखादे जुने, नावाजलेले सार्वजनिक स्नानगृह अथवा तरणतलाव घ्यावयाचा आणि त्याला शोभेल अशी वाढीव इमारत रेखाटावयाची. विद्यार्थी मोजमापे घेतात, कमानींची छायाचित्रे काढतात, जुन्या दगडाला नवी काच कशी शोभेल या विवंचनेत रात्री जागवतात. परीक्षकही तेवढेच विचारतात. या तरुणांच्या कष्टांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या प्रश्नाविषयी. कारण या देशात पाण्याच्या जागांचा इतिहास कमानींचा नसून मज्जावाचा आहे.

1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्याबाबत तसाच ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्याची पायरी उतरावी लागली, आणि हायकोर्टाचा निकाल हाती येण्यास 1937 उजाडले. मुंबईत ब्रीच कँडीच्या तरणतलावाचे दार स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे हिंदी माणसाला बंद होते. गिरगाव चौपाटीजवळच्या प्रसिद्ध तलावाच्या तर नावातच ‘हिंदू’ हा शब्द आहे. अशा वास्तूला समुद्राच्या अंगाने एक देखणे दालन जोडले, म्हणजे तिचा विस्तार झाला काय?

आता हाच अभ्यासविषय पालघर जिल्ह्यात आणून पाहावा. कोकनेर, सातिवली येथे गरम पाण्याचे झरे आहेत. खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भात तापून भेगांवाटे वर येते. त्यासाठी कोणा देणगीदाराची शिळा बसवावी लागली नाही. तेथे उद्या ‘सौंदर्यीकरण’ अवतरले, तर नकाशात सर्वांत आधी कुंपण येईल, मग तिकीटखिडकी, मग उपाहारगृह. आणि त्याच मुलखातील आदिवासी बाई कुंपणाबाहेर हंडा घेऊन उभी राहील. ‘विद्यार्थ्यांना राजकारणात कशाला ओढता?’ असे काही सज्जन विचारतील. तिकीटखिडकी रेखाटणे हे राजकारण नव्हे, आणि ती खोडणे मात्र राजकारण, हा न्याय आम्हास उमगत नाही.

बोईसर-तारापूरकडे वळल्यावर तर प्रश्न अधिकच बोचरा होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या पाहणीत तारापूर औद्योगिक क्षेत्राला 72.01 गुण पडले आणि ते अतिप्रदूषित ठरले. (गुण अधिक मिळाले म्हणून शरमेने मान खाली घालावी लागते, अशी ही एकमेव परीक्षा असावी.) रसायनांत पाळी काढणाऱ्या कामगाराला स्नान ही चैन नाही, अंगावरचे काम अंगावरच घेऊन घरी जाऊ नये, एवढीच त्याची मागणी आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 42 व्या कलमाने धुण्याच्या पुरेशा सोयी, आणि त्याही स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या व आडोशाच्या, बंधनकारक केल्या होत्या. कंत्राटदाराच्या हाताखालील मजुराच्या वाट्याला त्यांतले किती आले?

बरे, पाणी नाही म्हणावे, तर सूर्या नदी याच जिल्ह्यातून वाहते. आदिवासींच्या शेतीसाठी म्हणून धामणीला धरण बांधले गेले; आणि त्याच पाण्यातून वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांना दररोज 403 दशलक्ष लिटर नेण्याची योजना आखली गेली. शहरातील श्रमिकालाही पाणी हवेच, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण नव्या संकुलातील निळ्याशार तलावाचा नळ शेवटी कोणाच्या शेताला जोडलेला आहे, हे त्याचा नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असावयास नको काय?

म्हणून पालघर-बोईसरच्या कार्यकर्त्यांनी वास्तुकला महाविद्यालयांना पत्रे धाडून विद्यार्थ्यांस येथे बोलवावे. कारखान्यांची पाळी सुटते त्या वेळी त्यांना बोईसरच्या रस्त्यावर उभे करावे, दुसऱ्या दिवशी कोकनेरच्या कुंडाकाठी न्यावे. पाणी कोठून येणार, वापरलेले कोठे जाणार आणि दार कोणाला उघडे राहणार, एवढेच त्यांच्या पहिल्या कागदावर असावे. दर्शनी भागाची चित्रे मागाहून काढता येतील.