तेंदूपत्त्याचा हिशेब कोण लिहिणार?

गोंदिया जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडणारे हात आदिवासी-बहुजनांचे. नफा मात्र वर्षानुवर्षे कंत्राटदाराच्या गल्ल्यात गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वाट मोकळी केली. सामूहिक हक्क मिळालेल्या देवरीकडील ग्रामसभा आपला पत्ता आपणच विकू लागल्या. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. गोणीमागे मजुरी किती, वाहतूक किती, शिल्लक किती? व्यवस्थापनाचा पहिला धडा हाच.

हा धडा केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या ऑनलाईन मंचावर २०१७ पासून मिळतो. शिकणे मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. पण व्यवस्थापनाचे बहुतेक वर्ग इंग्रजीत! दार उघडायचे आणि उंबरठा उंच करायचा, हा कुठला न्याय?

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. हिशेबाची विद्या आपली नव्हे, असे कोण म्हणेल? शासनाने हे वर्ग मराठीत द्यावेत. तोवर शिकलेल्या तरुणांनी ते विहारात, ग्रामसभेत बसून समजावून सांगावेत. कायद्याने मिळालेला हक्क वहीखात्याशिवाय टिकत नाही.