रब्बी आटोपली, आता समुद्र बघा



गहू-हरभरा घरात आला, खळे झाडून झाले आणि उन्हाळी नांगरट अजून सुरू व्हायची आहे. वर्षातले एवढेच आठ-पंधरा दिवस शेतकऱ्याला मान वर करता येते. मग आपण काय करतो? लग्नाच्या वऱ्हाडात जातो, जत्रेला जातो, फार तर पंढरपूर-आळंदी करून येतो. नुसते बघायला आणि नुसते बसायला म्हणून आपण कुठे जातच नाही. घरातली बाई तर माहेरी गेली तरी चुलीपुढेच असते. म्हणून यंदा दोन दिवस काढा आणि समुद्रावर जाऊन या. गोठ्याचे काय, हा प्रश्न येणारच. म्हशीला सुटी कळत नाही. तेव्हा घरातल्यांनी दोन पाळ्या कराव्यात. मात्र पहिल्या पाळीत बाईमाणसाला घ्यावे, कारण दुसरी पाळी बहुधा जायची राहूनच जाते.

जायचे तर रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे, आणि गावाबाहेर लांबच लांब वाळू. पाहुणे गावातल्या घरांतूनच उतरतात. पडवीत अंथरूण मिळते, पानात आमटी-भात आणि सोलकढी असते. घरच्या बाईला दोन दिवस आयते ताट मिळाले, एवढ्यानेही जाण्याचे सार्थक होईल.

किनाऱ्यावर उतरण्याआधी तिथी पाहा. तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की भरतीची सुमारे वेळ निघते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेले असणार. पौर्णिमा-अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकराच्या आसपास येतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पुनवेच्या किंवा अवसेच्या जवळपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ उघडी वाळू फिरायला मिळते.

ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती पायाने मोडू नका, तिथेच उकिडवे बसा. वाटाण्याएवढा खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, तिच्यातले खाण्याजोगे तेवढे गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून मागे टाकतो. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्या होतात. आपली सावली हलली की क्षणात सगळे आत! पोरे तासभर जागची हलणार नाहीत, आणि पैसा एक लागणार नाही. पाण्याच्या कडेने कुरव पक्ष्यांचे थवे बसलेले असतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटातल्या तळ्यांवरून हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे. उन्हाळा लागला की परततात. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसेल. वाळू धरून ठेवण्याचे काम ती करते. आपल्याकडे बांधावर गवत करते तेच.

पण वेळासला लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूवर चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभरावर अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा वळून पाहत नाही. उबवणीचे काम वाळूच्या उबेवर. ऊब जास्त असली तर माद्या अधिक, कमी असली तर नर अधिक, असा निसर्गाचा हिशेब आहे. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले वर येतात.

पूर्वी ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. सापडलेली अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि पिल्ले निघाली की पाण्याकडे सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि घरोघर पाहुण्यांचे चार पैसे येऊ लागले. माझ्या मते खरी किल्ली इथे आहे. वाळूतले अंडे टोपलीतल्या अंड्यापेक्षा किमती ठरले, तेव्हा राखण टिकली.

ही कासवे फिरतात तरी किती! २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेल्या मादीने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला येऊन अंडी घातली. देशाच्या त्या अंगाची मादी या अंगाला आली!

फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ राखणदार टोपल्या उचलून पाहतात. पिल्लू तळहातावर मावेल एवढे. त्याला पाण्यात नेऊन सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात आणि ते आपले आपण चालत जाते. उजेडाकडे जाण्याची त्याची खोड. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडची बाजू उजळ असते, म्हणून वाट बरोबर सापडते. आपण विजेरी पेटवली की ते उलटे फिरते. म्हणून दोरीच्या अलीकडे थांबा, पिल्लाला हात लावू नका, आणि जीप वाळूवर घालू नका. चाकाखाली खड्डा दबला तर शंभर जीव गेले. गर्दीच्या दिवसांत हे भान सुटते. पाहुण्यांमुळे राखण टिकली खरी, पण पाहुण्यांनीच किनारा तुडवला तर कासवीण दुसरी जागा शोधील. अंडी काढणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही पोरांना सांगा.

आणि पाण्याचे. विहिरीत सूर मारणारा गडी समुद्रात पोहेलच असे नाही. गुडघ्यापुढे जाऊ नका, ओहोटीच्या वेळी तर नाहीच. चुकून ओढ लागलीच तर तिच्याशी झगडत सरळ किनाऱ्याकडे येऊ नये. किनाऱ्याला समांतर आडवे पोहत ओढीबाहेर पडावे आणि मग वळावे.

पिल्ले तारीख पाहून येत नाहीत. निघण्यापूर्वी ज्यांच्या घरी उतरणार त्यांना फोन करा, कुंपणात किती खड्डे आहेत आणि कोणते भरत आले ते विचारा, आणि मगच एस.टी.त बसा.