तुमच्या गेटसमोर लावलीय का?

फुटपाथवर लावलेल्या मोटारीचा फोटो काढायला मोबाइल वर केला की प्रश्न ठरलेला असतो. ‘काय झालं काका, तुमच्या गेटसमोर लावलीय का?’ विचारणारा बहुधा गाडीवाला नसतोच. शेजारचा पानवाला असतो, एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसलेला रखवालदार असतो, नाहीतर चहा पीत उभा असलेला तिसराच कोणी. गेटसमोर असेल तर तुमची तक्रार रास्त, नसेल तर तुम्ही रिकामटेकडे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याच्या गेटसमोर गाडी नाही, तक्रार त्यानंच करायला हवी. गेटवाला स्वतःचं बघून घेतो.

आणि चांगलंच बघून घेतो. ‘गेटसमोर वाहन लावू नये’ हा पुण्यातल्या पाट्यांचा सौम्य प्रकार झाला. पुढची पायरी ‘हवा सोडली जाईल’. (दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणं हाही गुन्हाच आहे, पण पाटी लिहिताना तेवढा विचार कोण करतो!) त्याच्याही पुढे कुंड्या येतात, सिमेंट ओतलेले जुने टायर येतात, चुना फासलेले दगड येतात आणि शेवटी साखळी. गेट अडवणं हा खराच नियमभंग आहे, तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर. पण गेट दहा फुटांचं आणि कुंड्या तीस फुटांत, हे गणित कुठल्या नियमात बसतं? महापालिकेचा रस्ता त्यानं आपल्या नावावर करून घेतलेला असतो. तिथे कुणी गाडी लावली तर तो फोन करतो, ओळखीचा हवालदार गाठतो, वेळ पडली तर भांडतो. गाडीवाल्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो गेट टाळून चार पावलं पुढे कोपऱ्यावर लावतो. कोपऱ्याला मालक नसतो.

नुकसान खरं तिथे होतं. चौकाच्या तोंडाशी मोटार उभी असली की रस्ता ओलांडणारं लहान मूल वळणाऱ्या गाडीला दिसतच नाही, मोटारीच्या उंचीआड ते आख्खं झाकलं जातं. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. म्हणजे कोपरा मोकळा नसेल तर अग्निशमनचा बंब गल्लीत शिरू शकत नाही. बसथांब्याचंही तेच. थांब्यासमोर रिक्षा आणि मोटारी, म्हणून पीएमपी रस्त्याच्या मधोमध थांबते, म्हणून आजीबाई पिशवी सांभाळत दोन मोटारींच्या फटीतून बाहेर येतात आणि मागून येणाऱ्या दुचाक्या चुकवत बसची उंच पायरी गाठतात. अंधांना वाट कळावी म्हणून फुटपाथवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा बसवल्या आहेत. त्या फरशीवर पांढरी काठी टेकत येणारा माणूस एका स्कूटरच्या हँडलवर जाऊन आदळताना मी पाहिला आहे. तो चिडला नाही. काठीनं स्कूटरची लांबी अजमावली, रस्त्यावर उतरला, पुन्हा वर चढला. सवयीचं काम असावं. त्याचं गेट कुठे होतं, तक्रार कोण करणार होतं?

कायद्याला गेटचा प्रश्न पडत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १२२ सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीनं वाहन सार्वजनिक जागी सोडू नये. २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांत फुटपाथ, सायकलमार्ग, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचा परिसर अशा जागा नावानिशी दिल्या आहेत. कलम १२७ खाली गणवेशातला पोलीस गाडी उचलायला किंवा चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो. दंडाचे नवे दर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले : पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केलं तर १,५००. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अडथळामुक्त फुटपाथ हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. यात कुठेही ‘ज्याचं गेट अडलं त्यानं अर्ज करावा’ असं नाही. चालणारा कुणीही पुरतो.

तक्रार करण्याची सोयही आता हाताशी आहे. राज्य पातळीवर ‘महाट्रॅफिक’ ॲप आहे, पुणे वाहतूक पोलिसांचं ‘पीटीपी ट्रॅफकॉप’ आहे. फोटो, जागा, वेळ पाठवायची. पोलिसांनी तपासायचं आणि गाडीमालकाच्या नावे ई-चलान काढायचं. काम किचकट नाही, पण फोटो कसा काढावा याची थोडी अक्कल लागते. नुसती नंबरप्लेट जवळून टिपली तर ती गाडी कुठेही असू शकते. नुसता देखावा टिपला तर नंबर दिसत नाही. दोन्ही एकाच फोटोत हवं, चाकाखालचा झेब्राचा पट्टा किंवा फुटपाथची कड आणि मागे दुकानाची पाटी. शिवाय कलावंत प्लेटा आहेतच. ४१४१ चं ‘दादा’ करून मिरवणाऱ्याला नियमाचं भान असतं, म्हणूनच तो नंबर वाचता येणार नाही याची काळजी घेतो.

सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर मात्र फोटो पाठवण्याआधी कॅलेंडर बघा. पी-वन, पी-टू हा पुणेकरांच्या रक्तात भिनलेला प्रकार आहे. तरी ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम, आणि बाजू बदलत नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. विषम तारखेच्या बाजूला वर्षभरात जास्तीचे दिवस मिळतात. त्यावरून अजून मोर्चा कसा निघाला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आता बक्षिसाचं. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी दिल्लीतल्या एका कार्यक्रमात कल्पना मांडली की चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो पाठवा, गाडीवाल्याला १,००० रुपये दंड झाला तर ५०० तुमचे. नागपूरच्या आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्याकडेही दोन जुन्या गाड्या आहेत, असंही ते म्हणाले. हशा पिकला, बातम्या झाल्या. दिल्ली पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आपली जुनी योजना ‘ट्रॅफिक प्रहरी’ या नावानं नव्यानं सुरू केली आणि महिन्याला पहिल्या येणाऱ्याला ५०,००० रुपये ठेवले. न्यूयॉर्कमध्ये तर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या ट्रकची तक्रार केली की दंडाचा चौथा हिस्सा तक्रारदाराला मिळतो, आणि काही लोक त्यावर चांगली कमाई करतात.

मला हे पटत नाही. पैसे आले की फोटो सोपे तिथले निघतात. सर्वांत सोपी शिकार म्हणजे डिलिव्हरीवाल्या पोरांच्या दुचाक्या, एका ओळीत, नंबर स्वच्छ दिसणाऱ्या. काळ्या काचांच्या मोठ्या गाडीसमोर मोबाइल धरायला जी छाती लागते ती ५०० रुपयांत येत नाही. शिवाय ‘तुमच्या गेटसमोर लावलीय का’ या प्रश्नाला आज निदान सरळ उत्तर देता येतं. उद्या विचारतील, ‘किती मिळतात हो याचे?’ त्याला काय सांगणार?

दंड वाढवणं हा दुसरा आवडता उपाय. मुंबई महापालिकेनं जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावल्यास ५,००० रुपयांपासून, विलंबशुल्क धरून २३,२५० रुपयांपर्यंत दंड जाहीर केला. गाजावाजा मोठा झाला. पुढे रक्कम खाली आणावी लागली. माणूस दंडाच्या आकड्याला फारसा भीत नाही. तो होण्याची खात्री असेल तर भितो. ती खात्री नाही, म्हणून ई-चलानं मोबाइलवर साठत राहतात आणि लोक लोकअदालतीतल्या सवलतीची वाट बघतात.

दक्षिण कोरियानं केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी आधी चार जागा निवडल्या : अग्निशमनाचा नळ, चौकाचा कोपरा, बसथांबा आणि झेब्रा क्रॉसिंग. फुटपाथ पुढे २०२३ मध्ये जोडला. सरकारी ॲपमधून एकाच जागेचे दोन फोटो काढायचे, मध्ये किमान एक मिनिट. दोन्हींत गाडी तिथेच असेल तर अधिकारी जागेवर न जाताच दंड लावतो. ‘दोनच मिनिटं थांबलोय’ ही सबब तिथे चालत नाही, कारण घड्याळच एका मिनिटाचं लावलेलं आहे. आणि महत्त्वाचं हे की यादीत कुणाचंही गेट नाही. शेजाऱ्याचं जुनं भांडण पार्किंगच्या तक्रारीतून काढायला जागा कमी. कुणाची गाडी हा प्रश्नच उरत नाही, कुठे उभी आहे एवढंच बघायचं. भाजीचा टेम्पो झेब्रावर उभा असेल तर तोही झेब्रावरच आहे, पोटापाण्याचा असला तरी.

‘पण हे चहाडी करणं नाही का?’ हा आक्षेप मला सभ्य, सुशिक्षित लोकांकडूनच जास्त ऐकू येतो. जर्मनीतही येतो. तिथे दोन माणसांनी बेकायदा पार्किंगचे फोटो पोलिसांना पाठवले म्हणून बव्हेरियाच्या माहिती संरक्षण खात्यानं त्यांनाच समज दिली, वर प्रत्येकी १०० युरो शुल्क. नोव्हेंबर २०२२ मध्ये आन्सबाखच्या प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला की फोटो पाठवण्यात काही गैर नाही. हा खटला मला आवडतो, कारण त्यात खरी सीमारेषा दिसते. फोटो पोलिसांना पाठवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर नंबरासकट टाकून ‘ओळखा पाहू कोण’ करू नका. पहिली तक्रार आहे, दुसरी बदनामी. तक्रारदाराचं नाव पोलिसांना माहीत असावं, गाडीवाल्याला नसावं. आपल्याकडे माणूस गप्प बसतो तो चहाडीच्या लाजेनं फार नाही, तर संध्याकाळी त्याच गाडीवाल्यासमोर दूध आणायला जायचं असतं म्हणून.

राहिला प्रश्न तक्रारीचं पुढे काय होतं याचा. एका तक्रारीचं उत्तर मला आलं होतं : ‘सदर ठिकाणी वाहन आढळून आले नाही. तक्रार निकाली.’ अर्थातच आढळलं नाही. फोटो सकाळचा होता, पाहणी दुसऱ्या दिवशीची. गाडी ही काही इमारत नव्हे, ती निघून जाते, म्हणून तर फोटो काढायचा. फोटोवर विश्वास ठेवायचा नसेल तर मागू नका. ठेवायचा असेल तर चलान झालं की नाही आणि झालं नसेल तर का नाही, एवढं तक्रारदाराला कळवा. लोक दोनदा-तीनदा पाठवतात, उत्तर आलं नाही की सोडून देतात. त्यांना ५०० रुपये नको असतात.

आणि एकाच कोपऱ्याच्या तक्रारी आठवड्यामागून आठवडे येत असतील तर चलानं फाडत बसण्यात अर्थ नाही. ती यादी वाहतूक शाखेनं महापालिकेच्या पथ विभागाकडे द्यावी आणि पथ विभागानं त्या कोपऱ्यावर फुटपाथ थोडा पुढे काढून खांब रोवावेत. रोवताना दोन खांबांत व्हीलचेअर जाईल एवढं अंतर सोडा म्हणावं. आमच्याकडे नेमकं तेवढंच विसरतात, मग मोटारसायकल हँडल वाकडं करून आत शिरते आणि व्हीलचेअर बाहेर राहते.