विहिरीतला काळा दगड



परवा शाळेशेजारच्या मळ्यात विहिरीचं काम चालू होतं. सुरुंग उडाले, काळे दगड वर आले. चौथीतला एक पोरगा त्यातला तुकडा घेऊन धावत वर्गात आला. "बाई, कोळसा सापडला!"

सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता हं. आपल्या आळेफाट्याचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. तो जळत नाही. कोळसा म्हणजे चिखलात गाडली गेलेली झाडं. आपल्या राज्यात तो मिळतो विदर्भात, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत. तिथला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, म्हणजे डायनासोरच्याही आधीचा!

तो काढायचा कसा? थर किती खोल आहे, त्यावर ते ठरतं.

थर वरच्या वर असेल तर खुली खाण. चंद्रपूरजवळची दुर्गापूरची खाण अशीच आहे. आधी माती बाजूला करायची, सुरुंगानं खडक फोडायचा, मग कोळसा डंपरमध्ये भरायचा. खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी खोल नेतात, नाहीतर कडा कोसळतील. जवळजवळ सगळा कोळसा हाती येतो. पण वरची शेतं, रान, कधी अख्खं गाव उठवावं लागतं. आपल्याकडे डिंभे धरणात जुनं आंबेगाव गेलं ना, तसंच.

थर खोल असेल तर भूमिगत खाण. डोक्यावर दिवा लावून कामगार भुयारात उतरतात. वरची जमीन उकरावी लागत नाही. पण सगळा कोळसा काढता येत नाही. मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात, त्यांच्यावर छत उभं राहतं. कोळशातून मिथेन वायू निघतो. तो साठला आणि ठिणगी पडली, तर स्फोट! म्हणून मोठमोठे पंखे सतत हवा खेळवतात. पाणीही उपसत राहावं लागतं.

नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी घुसलं. सहाजण दगावले, ६५ जण आत अडकले. वरून भोक पाडून माणूस मावेल एवढा पोलादी पिंजरा खाली सोडला. अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः त्यात बसून खाली गेले आणि एकेक करून सगळ्या ६५ जणांना वर पाठवलं!

खुल्या खाणीत कुणाचं गाव जातं, भूमिगत खाणीत कुणाचा जीव टांगणीला लागतो. आपल्या घरातली आणि मळ्यातल्या मोटारीची बरीचशी वीज आजही कोळशावरच तयार होते. म्हणून रिकाम्या खोलीतला दिवा बंद करताना आळस करायचा नाही.

करून पाहा : ओल्या मातीचा ढीग करा. त्यात आडवे-उभे बोगदे पाडा, मध्ये खांब सोडा. आता एकेक खांब काढा. कितव्या खांबाला छत बसलं, ते वहीत लिहून ठेवा. आणि मग हात धुवा बरं का!

– तुमच्या बाई