परमिट मिळते, हमी मिळत नाही

ॲपवरच्या टॅक्सीला किलोमीटरमागे २२ रुपये ७२ पैसे, असा दर राज्याने २०२५ मध्ये ठरवून दिला. भाडे किती घ्यायचे हे प्रवाशाला कळले. गाडी येईल की नाही, चालक नेईल की नाही, हे मात्र कोणी सांगितलेले नाही. टॅक्सीच्या बाबतीत सरकारचा सगळा जोर परवान्यावर आणि दरपत्रकावर राहिला आहे, आणि प्रवाशाला जे हवे ते या दोन्हींत सापडत नाही.

रात्री अकरानंतर दादर स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे सगळे कागद चोख असतात. चालकाकडे बॅज असतो, मीटरला सील असते, गाडीचे पासिंग झालेले असते. परळ म्हटले की तो मान हलवतो, कारण जवळचे भाडे त्याला परवडत नाही. ॲपवर गाडी मागवली, तर चालकाचा फोन येतो: ‘कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?’ उत्तर मनासारखे आले नाही की फेरी रद्द. दोघेही परवानाधारकच. परवाना गाडी चालवण्याची मुभा देतो, सेवेची हमी देत नाही.

परवान्याचे दोन प्रकार आहेत, आणि इथेच गल्लत होते. एक परवाना पात्रता तपासतो, दुसरा संख्या अडवतो. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीच्या चालकाला १८६५ पासून शहराच्या रस्त्यांची परीक्षा द्यावी लागते. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले रस्ते तोंडपाठ करण्यात उमेदवारांची काही वर्षे जातात. मात्र टॅक्सी किती असाव्यात, यावर तिथे मर्यादा नाही. जो उत्तीर्ण होईल तो धंद्यात येतो. न्यूयॉर्कने १९३७ मध्ये उलटा मार्ग धरला आणि टॅक्सींची संख्याच गोठवली. परवान्याचा बिल्ला हीच मालमत्ता झाली. २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. कर्ज काढून बिल्ला घेणारे बहुतेक स्थलांतरित चालक होते. भाव कोसळले तेव्हा ते देशोधडीला लागले आणि २०१८ मध्ये काहींनी जीव दिला. प्रवाशाची सेवा त्या किमतीने तसूभरही सुधारली नव्हती.

मुंबईने न्यूयॉर्कचाच कित्ता गिरवला. १९९७ मध्ये नवी परमिटे बंद झाली, ती वीस वर्षांनी, २०१७ मध्ये खुली झाली. शहर उपनगरांत पसरत होते, माणसे वाढत होती आणि परमिटे गोठलेली होती. परमिट एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याच्या हाती, आणि शिफ्टमागे ठरलेली रक्कम मालकाला, ही रीत या टंचाईत पक्की झाली. दिवसभर घाम गाळणाऱ्या चालकाला त्या परमिटाचा लाभ झाला नाही. प्रवाशालाही झाला नाही.

यावर प्रमाणपत्राचा मार्ग आहे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये हा भेद नीट मांडला: परवान्याशिवाय धंदा करताच येत नाही, प्रमाणपत्राशिवाय धंदा करता येतो, पण ते कोणाकडे आहे हे ग्राहकाला दिसते. भाडे न नाकारणारा, शहर ओळखणारा, चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशाला हात देणारा चालक वेगळा ओळखू आला, तर त्याला मागणी येईल. मराठीचेही तसेच आहे. रिक्षा परमिटासाठी मराठीची सक्ती करणारे २०१६ चे परिपत्रक उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केले. सक्ती न्यायालयात टिकली नाही, मात्र मराठी बोलणाऱ्या चालकाला प्रमाणपत्र देण्यापासून कोणीही कोणाला अडवलेले नाही.

ॲपवरचे पाच तारे म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. तारे मोजणारी कंपनीच प्रत्येक फेरीवर कमिशन घेते. तारे कमी झाले की चालकाची आयडी बंद होते, त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, आणि ते का कमी झाले हे प्रवाशालाही कळत नाही. विकणाऱ्यानेच आपल्या मालाला दिलेल्या दाखल्यावर कोणी विसंबू नये.

काही गोष्टी मात्र कोणाच्याही मर्जीवर सोडता येणार नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲप टॅक्सीत तरुणीवर बलात्कार झाला. चालकाचा चारित्र्याचा दाखला बनावट निघाला. पोलीस पडताळणी, गाडीचे पासिंग, विमा आणि वाहन चालवण्याचा परवाना या चार गोष्टी सरकारनेच पाहायच्या आणि त्यांत तसूभरही सूट द्यायची नाही. नेमके तिथेच सरकार ढिले राहिले. ॲप कंपन्यांना परवाना बंधनकारक करणारी कायद्यातली दुरुस्ती २०१९ ची, तरी महाराष्ट्रात या कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करा असे मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

परिवहन खात्याने ही चार कामे चोख करावीत. संख्येवरची मर्यादा पुन्हा कधीही आणू नये. सेवेची पारख ग्राहक संघटना आणि चालकांच्या युनियन यांच्यावर सोडावी, आणि भाडे नाकारल्याच्या तक्रारी वाहन क्रमांकासह त्यांना खुल्या कराव्यात. त्या तक्रारी आज आरटीओच्या फाइलीत पडून राहतात, आणि तोच चालक दुसऱ्या रात्री त्याच स्थानकाबाहेर भाडे नाकारायला मोकळा असतो.