पावसाचा इशारा जिल्हावार कीं खोरेवार ?

गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांत अशीं पुष्कळ कुटुंबें आहेत, कीं ज्यांची थोडीबहुत जमीन कोकणांत नाहींतर साताऱ्याकडील घाटमाथ्यावर आहे. गिरण्या बंद पडल्या तरी हें नातें तुटलेलें नाहीं. वैशाख लागला कीं या मंडळींचें अर्धें लक्ष गांवच्या आभाळाकडे असतें, आणि हल्लीं त्या आभाळाची वार्ता मोबाइलवर गांवाच्या अगोदर मुंबईस येते. ‘रायगड जिल्ह्यास नारंगी इशारा’ एवढें वाचून मुलगा गांवीं बापास कळवितो. बाप विचारतो, “आपल्याकडे कीं अलिबागेकडे ?” या प्रश्नास मुलाजवळ उत्तर नसतें, आणि आमच्या मतें इशाऱ्याचा खरा उणेपणा येथेंच आहे.

वेधशाळेची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. आम्ही तींत सामील होत नाहीं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालापासून आहे व तिच्या नोंदींवांचून आज आपणांस कांहींच ताडून पाहतां आलें नसतें. २०२५ च्या मे महिन्यांत कुलाब्यास ४३९ मि.मी. पाऊस झाला, तो १९१८ सालचा मे महिन्याचा उच्चांक मोडणारा, हें कळलें तें या नोंदींमुळेंच. त्या वर्षीं २६ मे रोजीं मोसमी पाऊस मुंबईस आला, म्हणजे ११ जून या नेहमींच्या तारखेच्या सोळा दिवस अगोदर. हिंदमाता परिसरांत पाणी भरलें, वरळीस भुयारी रेल्वेच्या नव्या स्थानकांत पाणी शिरलें. मात्र पुढें पावसानें ओढ दिली. पेरणीची घाई करूं नये असें कृषिखात्यानें सांगितलें होतें. ज्यांनीं तें मानलें त्यांचें बियाणें वांचलें. अंदाज निरुपयोगी असतो असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें.

तथापि मोसमी पावसाचा अंदाज निराळा व वळवाचा निराळा. वळवाचा ढग सकाळीं आभाळांत नसतोच. जमीन तापते, समुद्रावरून दमट वारा येतो, तो सह्याद्रीच्या उतारास थडकून वर चढतो, आणि दुपारनंतर दोन-तीन तासांत दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. तो कोणत्या गांवावर फुटेल हें आदल्या दिवशीं कोणासही नक्की सांगतां येत नाहीं; वळवास पोषक हवा आहे, एवढेंच सांगतां येतें. गांवाचें नांव सांगतां येतें तें ढग रडारांत दिसूं लागल्यावर. म्हणून हवामानखातें तीन तासांपुरता तातडीचा इशारा देतें. १३ मे २०२४ रोजीं दुपारीं मुंबईवर धुळीचें वादळ येऊन घाटकोपरास जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला व १७ माणसें मेलीं, त्या प्रकारच्या वादळांत असे तासच काय ते हातीं असतात. शेतकऱ्यास तेवढे पुष्कळ आहेत. गुरें गोठ्यांत येतात, पेंढ्याची उडवी झांकली जाते, वाळत घातलेली हळद आंत येते, आणि मुख्य म्हणजे माणूस झाडाखालून घरीं येतो. विजेसाठीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें ‘दामिनी’ नांवाची सोय मोबाइलवर केली आहे. आपण उभे आहोंत त्याच्या २० व ४० किलोमीटरच्या आंत वीज पडत आहे काय, हें ती दाखविते. जिल्ह्याचें नांव घेऊन सांगितलेल्या इशाऱ्याहून ती आमच्या गांवकऱ्यांस जास्त पटते, कारण ती त्यांच्या शिवाराविषयीं बोलते.

आतां पुराकडे वळूं. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९० मि.मी.हून अधिक पाऊस पडला. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यांत. परंतु तेथल्या पश्चिम उताराचें पाणी सावित्रीनें खालीं महाडास जातें, आणि महाड रायगड जिल्ह्यांत. त्याच दिवशीं महाड बुडालें आणि त्या तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगर कोसळला. तिकडे वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें. खाडीस भरती असली म्हणजे हें पाणी आणखीच तुंबतें. महाडच्या शेतकऱ्यास आपल्या अंगणांतील पावसापेक्षां महाबळेश्वराच्या माथ्यावरील पाऊस अगोदर कळला पाहिजे, आणि तो दुसऱ्या जिल्ह्याच्या इशाऱ्यांत असतो ! जिल्ह्यांच्या हद्दी राज्यकारभाराच्या व जमाबंदीच्या सोयीसाठीं आंखलेल्या आहेत. पाणी त्या जुमानीत नाहीं. ‘सातारा घाट’, ‘पुणे घाट’ असे पोटविभाग हवामानखातें हल्लीं करूं लागलें आहे, ही सुधारणा चांगली. पण घाटाखालच्या खोऱ्याचें नांव त्याला जोडलें म्हणजे ती पुरी होईल.

दुसरी गोष्ट बेरजेची. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली त्या काळीं तालुका कचेरींतील पर्जन्यमापकाचा आंकडा रोज सकाळीं तक्त्यांत भरणें हें आमचें काम असे. आज बहुतेक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रें आहेत, राज्यांत दोन हजारांहून अधिक. हें आमच्या वेळीं स्वप्नांतही नव्हतें. परंतु नियम अजून चोवीस तासांचाच चालतो. मंडळांत दिवसभरांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. कोकणांत आषाढामध्यें ६५ मि.मी.ला कोणी पाऊस म्हणूनही मोजीत नाहीं, भात उलट खूष असतें. तोच मे महिन्यांत अर्ध्या तासांत २५ मि.मी. वाऱ्यासह पडला तर आंब्याचा हंगाम संपतो. आणि तक्त्यांत मात्र तो किरकोळ पाऊस!

एकच शहर घेतलें तरी आमचें म्हणणें पटेल. २६ जुलै २००५ रोजीं चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला; २०-२५ किलोमीटरवरील कुलाब्यास जेमतेम ७३. त्या अनुभवानंतर मुंबईस डॉप्लर रडारें आलीं, कुलाब्यास व २०२२ सालीं वेरावलीस. आणि २०२० सालापासून कोणत्या वॉर्डांत किती पाणी भरेल याचा अगोदर अंदाज देणारी यंत्रणाही आली. शहराला वॉर्डवार अंदाज मिळतो, तर सावित्री व वाशिष्ठी खोऱ्यांस तितक्याच तपशिलाचा कां मिळूं नये ? मुंबईचें रडार तेथें पुरत नाहीं. त्याचा किरण सरळ जातो. दूर अंतरावर तो जमिनीपासून फार उंच राहतो व डोंगराआड काय चाललें आहे तें त्याला दिसत नाहीं. घाटाच्या डोक्यावर रडार, आणि दर तासाला खालच्या गांवास आपोआप आंकडा कळविणारे पर्जन्यमापक, अशी जोडी पाहिजे. २६ मे २०२५ रोजींच सरकारनें ६ किलोमीटरच्या चौकटीचा नवा अंदाज सुरू केला. पूर्वीं ती चौकट १२ किलोमीटरची होती. गणित बारीक झालें आहे, तर इशाऱ्याची भाषाही तितकी बारीक होऊं द्यावी.

कोणी म्हणेल, खोऱ्याचें नांव घेऊन इशारे दिले तर चुकेही जास्त होतील. होतील. परंतु सगळ्या जिल्ह्यास चार दिवस लाल रंग दाखवावा व त्यांतील तीन तालुक्यांत ऊन पडावें, यानें लोकांचा विश्वास अधिक उडतो, असें आम्हांस वाटतें.

शेतकरी मंडळाच्या येत्या सभेपुढें आम्ही असा ठराव मांडणार आहोंत, कीं हवामानखातें व जलसंपदाखातें यांस खोरेवार व तासवार इशाऱ्याची विनंति करावी. ज्या सभासदांच्या जमिनी घाटाखालीं आहेत त्यांनीं आपलें गांव, महसूल मंडळ, जवळचा ओढा अथवा नदी, आणि २०२१ च्या पुरांत पाणी शेतांत किती वाजतां शिरलें, इतकें एका पत्रावर लिहून मंडळाच्या कचेरीकडे धाडावें.